प्रकल्प नोंदी: चौक, धवलेरी, तारपा (डहाणू तालुका, जून ते डिसेंबर २०२४)

१२ जून २०२४

पाड्यांतला वारसा तिथल्याच मुलांना शिकवायचा आणि नोंदवायचा, या कामाची हद्द ठरली. तीन वारली पाडे, तिघांची मिळून एक जिल्हा परिषद शाळा (पहिली ते पाचवी) आणि तीन विषय: भिंतीवरचं चित्र (लग्नात काढायची चौकोनी आकृती, म्हणजे चौक, त्यातच), लग्नातली धवलेरीची (लग्न लावणाऱ्या बाईची) गाणी, तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य). मूळ प्रस्तावात आठ विषय होते, त्यातले पाच काढले. बोहाडा (मुखवट्यांचा उत्सव) जव्हार-मोखाड्याकडचा, या पाड्यांत तो होत नाही, फोटोत छान दिसतो म्हणून कुणीतरी घातला होता. वनौषधी आणि भाताची जुनी वाणं काढली, कारण २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्यांची नोंद लोक-जैवविविधता नोंदवहीत व्हायची असते आणि ती वही गावाच्या समितीची. आपण समांतर वही सुरू केली की दोन्ही अर्धवट राहतात. घांगळी (तारेचं वाद्य) वाजवणारं तीन पाड्यांत कुणी उरलेलं नाही, आणि गोंदणावर काम करायला माणूस नाही.

वेळापत्रक शाळेच्या कॅलेंडरवर न मांडता शेतीच्या कॅलेंडरवर मांडलं. जूनअखेर ते जुलै आवणी (भाताची लावणी), ऑगस्टात बेणणी (तण काढणं), ऑक्टोबरात कापणी. दिवाळी झाली की बरीच घरं वीटभट्टीवर जातात, मुलंही बरोबर, ती उन्हाळ्यातच परततात. म्हणजे मुलांचं जे काही करायचं ते ऑगस्ट ते दिवाळी. बाराही महिन्यांचा 'उपक्रम' कागदावर दाखवणारे प्रकल्प नोव्हेंबरात रिकाम्या वर्गात चालतात.

१९ जून

तिन्ही पाड्यांतल्या अकरा म्हाताऱ्या बायांबरोबर बैठक. त्यात धवलेऱ्या चार. काय शिकवायचं याआधी काय शिकवायचं नाही, हे विचारलं. जमिनीवर खडूने तीन रकाने आखले: शाळेत चालेल, पाड्यातच राहील, बाहेर काढायचं नाही. प्रत्येक गोष्टीसाठी एक खूण (शेतासाठी भाताची लोंबी, चौकासाठी चार काड्या, गाण्यासाठी शिंपला) आणि ती कुठल्या रकान्यात ठेवायची ते बायांनी ठरवायचं. लिहिता न येणाऱ्याला यात पूर्ण भाग घेता येतो, आणि खूण हलवून मत बदलता येतं. लेखी प्रश्नावलीत खोडाखोड करायला माणूस लाजतो.

निकाल: शेत, नाच, माड, ताडी काढणारा, जनावरं, पाखरं, घरं हे सगळं शाळेत चालेल. लग्नचौक आणि त्यातली पालघाट देवी शाळेत नाही. देवचौक आणि त्यातला पंचशिऱ्या देव तर नाहीच. कारण सरळ आहे: चौक लग्नासाठी लिहितात, चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न नसताना काढलेला चौक म्हणजे नवरानवरीवाचून लावलेलं लग्न. हे समजून घ्यायला आमच्यातल्या चित्रकला शिक्षकाला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण चौक हाच 'वारली'चा गाभा म्हणून तो कार्यशाळांत शिकवत आला आहे.

एक जागा अडली. चौकाच्या कडेच्या पट्ट्या, साखळीसारखी नक्षी, मुलांनी काढावी की नाही? दोघी हो म्हणाल्या, बाकीच्या गप्प. गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा नाही. खूण मधल्या रकान्यात ठेवली.

२६ जून

ठरावाचा मसुदा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पुरेल असं सुरुवातीला वाटलं होतं, पुरत नाही. वारसा शाळेचा नाही. अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) लागू आहे. त्याचं कलम ४(डी) सांगतं की लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(के) जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क मान्य करतं. संविधानाच्या २९(१) मध्ये स्वतःची भाषा, लिपी, संस्कृती जतन करायचा हक्क आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याचं कलम ३१ हेच अधिक स्पष्ट बोलतं. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. पण जाहीरनामा तहसील कार्यालयात दाखवून काही होत नाही, पेसाचं कलम दाखवून होतं. म्हणून ठरावात पेसा आणि वनहक्क हे दोनच कायदे लिहिले.

ध्वनिमुद्रणाच्या मालकीवर दिवस गेला. कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक त्याचा निर्माता, म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. गाणारी नव्हे. गाणारीला कलाकाराचा हक्क मिळतो (कलम ३८, पन्नास वर्षं), पण फाइलवर मालकी यंत्र लावणाऱ्याची. काही न लिहिता बटण दाबलं तर धवलेरीच्या आवाजाची फाइल साठ वर्षं आमची. म्हणून हक्क लेखी हस्तांतरित करायचे. कलम १९ मध्ये दोन खाचा आहेत: मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मसुद्याच्या पहिल्या प्रतीत दोन्ही राहिलं होतं. आता 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी' असं घातलं.

७ जुलै

ग्रामसभा. रविवार, संध्याकाळी सात, आवणीवरून माणसं परतल्यावर. दुपारी ठेवली असती तर पेन्शनवाले आणि पोरं आली असती. ठराव मराठीत वाचला, मग एका बाईंनी वारलीत सांगितला. वारलीत सांगायला अडीचपट वेळ लागला आणि खरे प्रश्न तिथेच आले. पहिला: पैसे कुणाला? दुसरा: गाणारी मेल्यावर तिच्या घरच्यांनी नको म्हटलं तर?

त्यामुळे दोन कलमं वाढली. एक, विक्री कुठल्याही स्वरूपात नाही. कुणाकडून मानधन आलं तर ते ग्रामसभा कोषाच्या खात्यात. दोन, संमती मागे घेता येते, तोंडी सांगूनसुद्धा, आणि मृत्यूनंतर तो हक्क घरच्या बायांकडे. 'घरच्या बायांकडे' हे शब्द सभेतले. मसुद्यात 'वारसांकडे' होतं. त्याचा कागदोपत्री अर्थ मुलगा.

चूक: हजेरीच्या वहीत अंगठे घेतले, पण ठरावाच्या पानावर सूचक-अनुमोदकांची नावं लिहायची राहिली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन घेतली. ती नावं नसतील तर ठरावाची प्रत मागताना अडवतात.

१५ जुलै

तारप्याचं शिकवणं आजपासून होतं, रद्द केलं. आवणीच्या दिवसांत तारपा वाजत नाही. भात पोटरीला येऊन पिकायला लागतं, मग तारपा निघतो. अवेळी वाजवणं पाड्याच्या रीतीत बसत नाही, आणि शाळेने मुलांना रीत मोडायला शिकवायचं म्हटल्यावर वारसा शिक्षण कसलं? हे आधी विचारायला हवं होतं. तारप्याचा सगळा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरवर ढकलला.

पण सामानाचं काम आताच करायचं, नाहीतर ऑक्टोबरात हातात काही नसेल. तारप्याला लागतं ते असं: लांब मानेचा सुकवलेला कडू भोपळा (भाजीचा दुधी चालत नाही, कवच पातळ पडतं), बोटाएवढ्या जाडीच्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या तोंडात बसवायच्या बारीक बांबूच्या जिभल्या, सांधे बुजवायला मेण आणि पुढच्या कर्ण्यासाठी ताडाच्या पानांच्या पट्ट्या. भोपळा वेलावरच सुकावा लागतो, म्हणजे या वर्षी पेरलेला पुढच्या मोसमाला कामाचा. गेल्या वर्षीचे चार मिळाले. त्यातला एक हातात घेऊन बोटाने टिचकी मारली तर बद्द आवाज आला: आतून बुरशी. कारण देठाशी भोक पाडून बिया काढलेल्याच नव्हत्या. राहिले तीन.

बांबू, मध, मेण ही वनहक्क कायद्याच्या व्याख्येत गौण वनउपज आहेत (कलम २(आय)), आणि ती गोळा करायचा, वापरायचा हक्क ३(१)(सी) मध्ये. हे इथे लिहून ठेवण्याचं कारण, नाक्यावर दोन बांबूंसाठी विचारणा झाली. सामूहिक वनहक्काच्या दाव्याची मान्यता या तीनपैकी दोनच पाड्यांना आहे. तिसऱ्या पाड्याचा तारपा सध्या शेजारच्या पाड्याच्या बांबूवर वाजणार. सांस्कृतिक हक्काबद्दल भाषणं गाण्या-नाचावर होतात. प्रत्यक्षात हक्क अडतो तो दोन हात बांबू आणि मूठभर मेणाशी.

९ ऑगस्ट

जागतिक आदिवासी दिन. मुलांना पानांचे घागरे घालून मंचावर उभं करायची सूचना आली होती, नाकारली. असे घागरे इथे कुणी नेसत नाही. शाळेत फक्त तीनही पाड्यांचा नकाशा मुलांनी जमिनीवर काढला: देवाची जागा, पाण्याची जागा, ताडीचे माड, वाघ्याचा (वाघदेवाचा) खांब. वाघ्याच्या जागेची खूण भिंतीवर लावायच्या नकाशात घेतली नाही.

२१ ऑगस्ट

चित्रासाठी कुडाच्या (काड्यांवर माती लिंपलेल्या) चौकटी. कागदावर का नाही? वारली चित्र कागदावर आलं १९७० च्या दशकात. जिव्या सोमा मशे यांच्यापासून ते जगभर गेलं (२०११ मध्ये पद्मश्री). त्याआधी ते भिंतीवरचं, बायांचं आणि लग्नापुरतं होतं. कागद वाईट नाही, पण मुलांना भिंत कळल्याशिवाय कागदावर रेघ अशी का येते ते कळत नाही. शाळेची भिंत ऑइलपेंटची, तिच्यावर सारवण धरत नाही. म्हणून सुट्या चौकटी.

चौकट ४ फूट × ३ फूट, एकूण सहा. कारवीच्या काड्या बोटाच्या अंतराने, आडव्या बांबूच्या चार कामट्यांना सुतळीने बांधलेल्या. माती वारुळाची, चाळून. प्रमाण घमेल्याने: माती ३, ताजं शेण १, भाताचं तूस अर्धं. पाणी घालून पायाने तुडवली आणि ओल्या गोणपाटाखाली दोन रात्री ठेवली. बोटभर थराला चौकटीमागे दीड घमेलं लागलं.

पहिल्या दोन चौकटी तडकल्या. तडे कोळ्याच्या जाळ्यासारखे, मधून कडेला. कारणं दोन. एक, या दोनला माती तुडवली त्याच दिवशी लावली, मुरू दिली नव्हती. दोन, वाळायला वर्गातल्या पंख्याखाली ठेवल्या. वरचा थर आधी आवळला, आतला ओलाच. पुढच्या चार पडवीत, सावलीत उभ्या केल्या. पावसाळी हवेत वाळायला सहा दिवस लागले, तडा एकही नाही. तडकलेल्या दोनवर पातळ शेणकाल्याचे दोन हात देऊन त्या सरावाला ठेवल्या. वरून गेरूचा हात. गेरू दुकानाचा, अर्धा किलो गेरूला दीड लिटर पाणी. वाळल्यावर एका कोपऱ्यात बोटाने घासून पाहायचा, लाल लागतं का.

२८ ऑगस्ट

रंग. तांदूळ अर्धा किलो, रात्रभर भिजवून पाट्यावर वाटला. एका चौकटीला साधारण शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो. घाईत एकदा दुकानातलं तांदळाचं पीठ कालवून पाहिलं: ते तळाशी बसतं, रेघेच्या सुरुवातीला पाणी आणि शेवटाला गोळा येतो. भिजवून वाटलेलं एकजीव राहतं. दाटपणा ताकाएवढा. डिंक फक्त कागदासाठी. सारवणावर तो लावला तर वाळल्यावर पापुद्रा सुटतो.

काडी बांबूची, वीतभर, टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. मुलं टोक फार चावतात, मग रेघ जाड येते. धान्याच्या टोकाएवढाच भाग चावायचा.

मुलांची सगळ्यात मोठी अडचण हाताची नव्हती. ओला तांदूळ गेरूवर जवळजवळ दिसतच नाही. रेघ ओढली की ती पुसट, पाणीच फिरवल्यासारखी. पाचेक मिनिटांनी वाळताना हळूहळू पांढरी उमटते. मुलांना वाटतं लागलंच नाही, म्हणून तीच रेघ परत, परत. वाळल्यावर माणसाचा पाय खांबाएवढा. बायांनी सांगितलेली युक्ती: एक माणूस काढायचा, मग चौकटीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. परत येईपर्यंत पहिला दिसायला लागतो. दोन त्रिकोण टोकाशी जुळवून धड, हे मुलांना अर्ध्या तासात जमलं. चालणारा माणूस आणि नाचणारा माणूस यांच्या गुडघ्यातला फरक दोन दिवसांनी.

११ सप्टेंबर

ध्वनिमुद्रणाची चाचणी. गणपती चालू (७ ते १७), रस्त्यापलीकडच्या मंडळाचा भोंगा दिवसभर. चाचणीपुरतं ठीक, मुद्रण १८ नंतरच.

सेटिंग: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. तासाला साधारण १.०४ जीबी. धवलेरीसमोर माइक दीड हातावर, तोंडाच्या किंचित खाली, आणि उरलेल्या बाया तिच्या मागे अर्धगोल. पातळी सगळ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास. पत्र्याच्या घरात नको, आवाज घुमतो. कुडाच्या घरात भिंतच आवाज शोषते, वेगळं काही लावावं लागत नाही. बांगड्यांचा आवाज ही तक्रार तंत्रज्ञाची होती. बांगड्या काढायला सांगायचं नाही, लग्नाच्या गाण्यात त्या असतातच.

मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी गाणी एका घरात मिळाली. ती दाबली गेलेली आहेत, वरचे सूर कापलेले. तरी ठेवली, कारण त्यातली एक गाणारी आता नाही. घरच्या बायांना विचारून, ठरावातल्या कलमाप्रमाणे.

मानधन दिवसाला ६०० रुपये, रोख, अंगठा आणि दोन साक्षीदार. बँकेतून देणं हिशोबाला सोपं, पण पैसे काढायला म्हातारीचा अर्धा दिवस आणि वडापचं भाडं जातं. लेखापरीक्षकाला हे व्हाउचर चालतं. आधी विचारून घेतलं.

२५ सप्टेंबर

एकूण ३१ गाणी, ९ तास २० मिनिटं (गप्पा धरून). मोकळी १९, पाड्यापुरती ८, बंद ४. प्रत्येक गाण्याआधी गाणारी स्वतः रकाना सांगते आणि ते फाइलमध्येच मुद्रित आहे. कागद हरवला तरी आवाजात संमती राहते.

लिप्यंतर अपेक्षेपेक्षा हळू. गाण्याच्या एका मिनिटाला सरासरी ५० मिनिटं. सहा गाणी (४१ मिनिटं) पुरी व्हायला ३४ तास लागले. तीन ओळींची पद्धत: वर ऐकलं तसं देवनागरीत, मधे शब्दाला शब्द मराठी, खाली अर्थ. लिहिणाऱ्या दोघी याच पाड्यांतल्या, बारावी झालेल्या, तरी पहिल्या गाण्यात दोन गोष्टी झाल्या. एक, वारली शब्द शाळेतल्या मराठीप्रमाणे 'शुद्ध' करून लिहिले गेले. दोन, धवलेरी जी ओळ चारदा म्हणते ती एकदा लिहून पुढे टिंबं दिली. हे चालणार नाही. त्या पुनरावृत्तीत दर वेळी नाव बदलतं, मामा, मावळण, करवली, आणि लग्नात कोण कुठे उभं आहे हे त्यातूनच कळतं. टिंबं दिली की नातीच गळाली.

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी. शिक्षकांच्या खोलीत पेढे. वारली आठव्या अनुसूचीत नाही, गोंडी आणि भिलीही नाहीत. त्याला पेढा नाही.

पहिली-दुसरीसाठी वाचनपट्ट्या तयार: १२ पट्ट्या, प्रत्येकीवर चार ओळी वारलीत, मागे त्याच मराठीत. संविधानाचं ३५०-अ (प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून) आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातली किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेची शिफारस, दोन्ही हाताशी आहेत, त्यामुळे केंद्रप्रमुखांकडून हरकत आली नाही. हरकत पालकांकडून आली: घरी बोलतो तेच शाळेत कशाला? रास्त प्रश्न. उत्तर म्हणून पट्टी उलटून दाखवली. मूल वारली ओळ अर्थ समजून वाचतं, मग मराठी ओळीवर अडखळत का होईना, अंदाज बांधत जातं. नुसती मराठी पट्टी दिलेलं मूल अक्षरं जुळवतं आणि थांबतं. तरी दोन पालकांचं समाधान झालं नाही, त्यांच्या मुलांना मराठी बाजू आधी देतो.

१६ ऑक्टोबर

कालपासून आचारसंहिता. मतदान २० नोव्हेंबरला, शाळा मतदान केंद्र, शिक्षक निवडणूक कामावर. चित्रांच्या चौकटी वर्गाबाहेर काढाव्या लागणार. एकीवर बैलगाडी आहे, एकीवर ताडाखाली हात वर केलेला माणूस. चिन्हासारखं काही दिसू नये म्हणून सहाही एका घराच्या पडवीत नेल्या. नेताना एकीचा कोपरा ढासळला: चौकट आडवी धरली होती. उभी धरून, दोघांनी, खालच्या कामटीला हात देऊन न्यायची.

२८ ऑक्टोबर

वाघबारस. यंत्र नेलं नाही, नोंद नाही.

१३ नोव्हेंबर

तारप्याचं शिकवणं सुरू. ठरलेल्या १४ मुलांतली ९ आहेत. पाच घरं भट्टीला गेली, त्यातलं एक मूल सगळ्यात चांगल्या श्वासाचं होतं. पुढच्या वर्षी हा भाग दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत बसवायचा, भात पिकल्यापासून लगेच.

तारप्यात सूर तुटू द्यायचा नसतो. तोंडातली हवा गालाने ढकलत असताना नाकाने श्वास घ्यायचा. हे थेट तारप्यावर शिकवलं की मूल घेरी येऊन बसतं, कारण वाद्याला हवा फार लागते. तारपकरी दादांनी पपईचा देठ आणि पाण्याचा तांब्या आणला. देठ पोकळ, वीतभर. एक टोक पाण्यात, फुंकायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत. पहिल्या दिवशी सगळ्यांचे तीन-चार सेकंदांत थांबले. पाचव्या दिवशी तिघांना अर्धा मिनिट जमलं. देठाचं भोक जेवढं बारीक तेवढं सोपं, म्हणून सुरुवात कोवळ्या देठाने.

वाद्यांच्या तक्रारी. तीनपैकी एक तारपा उन्हात ठेवला, मेण मऊ पडलं, नळी भोपळ्यात फिरली आणि भोकांची ओळ वाकडी झाली. सावलीत गार होऊ दिल्यावर पुन्हा बसवली. दुसऱ्याची जिभली मुकी: थुंकीच्या ओलाव्याने फुगून चिकटली होती. जिभलीखाली केस सरकवून फट उघडी ठेवायची आणि दर वीस मिनिटांनी नळी काढून झटकायची. दोन नळ्यांचा सूर जुळत नव्हता तेव्हा दादांनी जिभलीच्या टोकाला मोहरीएवढं मेण लावलं. सूर खाली आला. जास्त झालं की जिभली वाजतच नाही, म्हणून मेण नखाने खरवडत जुळवायचं.

नाच शिकवायची गरज पडली नाही. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही एवढं मुलांना घरातूनच माहीत आहे. वर्गात ते 'शिकवलं' असं अहवालात लिहू नये.

२७ नोव्हेंबर

कापडछपाईच्या एका व्यापाऱ्याने मुलांच्या चौकटींचे फोटो छापायला मागितले, 'शाळेला देणगी' देऊन. ग्रामसभेच्या ठरावात विक्री नाही, त्यामुळे उत्तर द्यायला अवघड गेलं नाही. पण प्रश्न पुन्हा येणार, म्हणून नीट लिहून ठेवतो.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने संरक्षण होतं ते नावाचं: अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसलेल्याने 'वारली चित्र' म्हणून माल विकू नये. दोन त्रिकोणांचा माणूस मात्र मानांकनाने राखला जात नाही. 'ट्रायबल प्रिंट' असं लिहून तीच आकृती छापली तर या कायद्याने पकडणं कठीण. कॉपीराइट विशिष्ट चित्राला मिळतो, चित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि पुढे साठ वर्षं. परंपरेने आलेल्या आकृतीला नाही. यंदा मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत जो करार झाला, तो पेटंट अर्जात जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं ज्ञान जाहीर करण्यापुरता आहे, चित्र-गाण्यांना लागू नाही. म्हणजे सध्या हातात तीन गोष्टी: प्रत्येक मुलाच्या चित्राचा कॉपीराइट त्या मुलाचा असल्याची नोंद (मागे नाव, तारीख, पाडा), मोठ्या आकाराचे फोटो बाहेर न देणं, आणि चित्रं काढून विकणाऱ्या पाड्यातल्या लोकांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी. नोंदणीचे अर्ज चार जणांचे भरले. दोन परत आले. आधार कार्डावर आणि जातीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं.

१८ डिसेंबर

सुपूर्द. मूळ फाइलींच्या तीन प्रती: दोन हार्ड डिस्क (एक ग्रामसभेच्या पेटीत, एक दुसऱ्या पाड्यात, म्हणजे आग-पाण्याने दोन्ही एकदम जाणार नाहीत) आणि एक तालुक्याच्या गावी. बंद चार गाणी फक्त ग्रामसभेच्या डिस्कवर, कुलूपबंद फोल्डरमध्ये, पासवर्ड दोन धवलेऱ्यांच्या सांगण्यावरून ठरलेला. आमच्या लॅपटॉपवरच्या प्रती सभेसमोर पुसल्या. फाइलच्या नावात गाणारीचं नाव नाही. पाडा, तारीख, क्रमांक आणि रकाना एवढंच, नावांची यादी वेगळ्या वहीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का ते दाखवणारा आकडा) काढून यादी छापून पेटीत ठेवली. वर्षातून एकदा ती ताडून पाहायची. आकडा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरून प्रत घ्यायची. ताडण्याचं काम लिप्यंतर करणाऱ्या दोघींपैकी एकीला शिकवलं, दीड तासात जमलं.

ऐकायच्या प्रती मेमरी कार्डांवर, १९ मोकळी गाणी, प्रत्येक घराला एक. वाटप झाल्यावर संध्याकाळी एका धवलेरीने एक गाणं मागे घेतलं: तिच्या नातीचं लग्न ठरलंय, ते गाणं लग्नाआधी लोकांच्या फोनवर वाजू नये. डिस्कवर ते बंद रकान्यात हलवलं. आता मोकळी १८, बंद ५. वाटलेली २३ कार्डं परत मागवली, २१ आली. उरलेल्या दोन घरची माणसं भट्टीवर आहेत. पुढच्या वेळी कार्डं वाटण्याआधी सगळी गाणी सगळ्या गाणाऱ्यांना एकत्र बसून ऐकवायची आणि मधे आठ दिवस जाऊ द्यायचे.

राहिलेलं काम: २५ गाण्यांचं लिप्यंतर. चौकाच्या कडेच्या पट्ट्यांबद्दल बायांचा निर्णय अजून नाही, खूण मधल्या रकान्यातच. तिसऱ्या पाड्याच्या वनहक्क दाव्याची प्रत उपविभागीय समितीकडून यायची आहे. दोन अर्ज स्पेलिंग दुरुस्तीनंतर पुन्हा. या मोसमात वेलावर सुकत असलेले कडू भोपळे सात. त्यातल्या दोनचं बी राखेत घोळून शाळेच्या कपाटात ठेवायचं आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कुंपणाला लावायचं.